अक्काच्या नवऱ्यासाठी शब्द

माझ्या थोरल्या जावेचा नवरा तुरुंगात होता, माझा नवरा घरात होता, आणि तरी हेवा मी तिचा करत होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं माझ्याकडून कुणी मोठेपणाची अपेक्षा धरायला नको.

आमचं घर पिंपळे गुरवला. खाली सासूबाई आणि थोरली जाऊ, जिला मी अक्का म्हणते. वर आम्ही दोघं. आमची मुलगी शिकायला बाहेरगावी. सासरची माणसं मूळची लातूरकडची, दोन्ही भाऊ पोटासाठी इकडं आले आणि इथलेच झाले. धाकटा म्हणजे माझा नवरा, चाकणच्या एका कंपनीत गिअर कापायच्या मशिनवर. बरीच वर्षं कॉन्ट्रॅक्टवर काढून शेवटी पर्मनंट झालेला. मी जवळच्याच एका खाजगी शाळेत मराठी शिकवते.

थोरले दीर भंगाराच्या एका ठेकेदाराकडे मुकादम होते. चाकणला कंपन्यांचं भंगार कोण उचलणार यावरून काय काय होतं हे इथं राहणाऱ्याला सांगायला नको. असंच एकदा गेटवर दोन ठेकेदारांच्या माणसांत जुंपली आणि दिरांच्या हातातला रॉड समोरच्याच्या डोक्यात बसला. तो माणूस दवाखान्यात गेला तो परत घरी आलाच नाही. कोर्टानं सदोष मनुष्यवध म्हटलं आणि शिक्षा दिली. त्यांनी केलंच नाही असं आमच्या घरात कुणी कधी म्हणालं नाही. सासूबाईसुद्धा नाही.

तर हेव्याची गोष्ट. तुरुंगात भेटायला जायचं त्याला मुलाखत म्हणतात. मधे काच, दोन्ही बाजूंना फोन, आणि वेळ एवढासा. अक्का पहिल्यांदा गेली तेव्हा सगळा वेळ रडण्यातच गेला आणि ती हात हलवत परत आली. तेव्हापासून तिनं एक पद्धत पाडली. मुलाखतीच्या आदल्या शनिवारी, माझी शाळा सुटली की, ती मला खालच्या स्वयंपाकघरात बोलावून घ्यायची, पाटावर बसवायची आणि म्हणायची, "मास्तरीणबाई, तुमी आता ते व्हा."

मी 'ते' व्हायचं. ती समोर बसून काय काय सांगायचं ते एकदा सगळं बोलून बघायची. सासूबाईंचे गुडघे, गावाकडच्या शेताचा बांध, गल्लीतलं ड्रेनेज. कुठं लांबलं, कुठं रडू येतंय, ते आधीच कळावं म्हणून. सासूबाई लसूण सोलत बाजूला बसायच्या आणि "एवडं लांबण नको लावूस, मुद्द्याचं बोल" असं मधून मधून सुनवायच्या.

पहिल्याच तालमीत मी आपली गप्प बसून ऐकत होते, तर अक्का म्हणाली, "असं न्हाई. ते आधी इचारतेत."

"काय विचारतात?"

"जेवलीस का, म्हणून. मंग इचारतेत, काय जेवलीस. मंग म्हणतेत, सांग."

मला ते वाक्य म्हणावं लागलं. जेवलीस का, काय जेवलीस, सांग. आणि ते म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं, की लग्न झाल्यापासून हे मला कुणी विचारलेलं नाही. आमच्याकडे फर्स्ट शिफ्ट असली तर डबा, सेकंड शिफ्ट असली तर झोप आणि नाईट असली तर दोन्ही. संसार चालू होता, तक्रार करावी असं काही नव्हतं. पण अक्काचा माणूस काचेपलीकडून तिला भाजी कोणती केली ते विचारत होता आणि माझा माणूस समोर बसून भाजीकडं न बघता जेवत होता. मला तिचा असा राग आला म्हणता! मुलाखतीच्या दिवशी ती मोगऱ्याचा गजरा माळून निघायची. एकदा मी मुद्दामच म्हणाले, "काचेतून वास जाणार आहे का त्याचा?"

"मी सांगते की त्यास्नी, मोगरा हाय म्हणून," अक्का म्हणाली आणि गेली. मी दिवसभर धुमसत होते.

शब्दांचं सुरू झालं ते सासूबाईंमुळं. गल्लीतल्या एका बाईनं नळावर 'तुमचा कैदी मुलगा' असं म्हटलं आणि सासूबाई रिकामी कळशी घेऊन घरी आल्या. अक्कानं मला विचारलं, "कैदी म्हंजी खरं काय हो? शिवी हाय का ती?" मी शाळेच्या लायब्ररीतला जाडा शब्दकोश काढला. कैद हा अरबी शब्द, फारसीतून आपल्याकडं आलेला. मूळ अर्थ बेडी, बंधन. कैदी म्हणजे बांधलेला, बस. त्यात चांगलं नाही, वाईट नाही. सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बांदलेलाच हाय की मग. त्यात ती खोटं न्हाई बोलली." आणि पुन्हा लसूण घेऊन बसल्या.

अक्कानं मात्र तो शब्द पदराला बांधून नेला. मुलाखतीहून आली ती फुलून. "ते लई खूश झाले. म्हणले, हितं कुणाच्या पायात बेडी न्हाई, तरी नाव तेच चालू हाय, बग. म्हणले, मास्तरीणबाईला इचार, तुरुंग कुठनं आला?"

इथं एक सांगायला हवं. आमच्याकडं थोरला दीर आणि धाकटी भावजय एकमेकांशी सरळ बोलत नाहीत. दीर घरात होते तेव्हाही मला काही सांगायचं तर भिंतीला सांगायचे. "चहा झाला असंल तर बरं हुईल," असं. त्यामुळं एवढ्या वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न, आणि तोही अक्काच्या तोंडून. मला फार बरं वाटलं. शाळेत मला पोरं फक्त एकच विचारतात, बाई, हे परीक्षेला येणार का?

मी शोधलं. तुरुंग हा शब्द पोर्तुगीजांकडून आला असं म्हणतात. त्यांच्या भाषेत मूळ अर्थ झाडाचं खोड. लाकडाच्या ओंडक्याला भोकं पाडून त्यात माणसाचे पाय अडकवायचे, त्यावरून कोठडीलाही तेच नाव पडलं. आणि गंमत म्हणजे आपल्याकडंही अगदी तसाच शब्द आहे, खोडा. कुणाच्या कामात खोडा घालणं म्हणतो तो हाच. अक्कानं हे माझ्याकडून तीनतीनदा म्हणवून घेतलं, तालीम केली आणि गेली.

मग हे सुरूच झालं. दर खेपेला एक शब्द जायचा आणि एक उत्तर यायचं. कधी तिकडूनच शब्द यायचा. केस चालू असते तोवर माणूस कच्चा कैदी आणि शिक्षा लागली की पक्का कैदी, हे त्यांनीच कळवलं. ते ऐकून सासूबाई म्हणाल्या, "माजं एक लेकरू कंपनीत पक्कं झालं, एक तिथं." हसावं की रडावं कळेना, म्हणून आम्ही दोघी हसलो.

एकदा निरोप आला, की जो मेला त्याच्यासाठी कोर्टात मयत म्हणत होते, तो शब्द कुठला? मी सांगून पाठवलं, अरबी, अर्थ मेलेला, एवढाच. त्या खेपेला उत्तर आलं नाही. अक्का म्हणाली, "फोन कानाला लावून नुसते बसले. मीबी बसले."

आणि याचाही मला हेवा वाटला. काय सांगू! एकत्र गप्प बसण्याचासुद्धा. आमचं गप्प बसणं निराळं होतं.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. गुन्हेगार हा शब्द मला सापडला तेव्हा मी ठरवलं, हा अक्काच्या आधी आपल्या माणसाला सांगायचा. त्याची सेकंड शिफ्ट होती, सकाळी निवांत जेवत होता. मी म्हणाले, "अहो, गुन्हेगार शब्दात फारसी 'गार' आहे. करणारा या अर्थाचा. गुन्हा करणारा तो गुन्हेगार. आणि कामगारमधला गार तोच. काम करणारा तो कामगार. आहे की नाही गंमत?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, ताट सरकवलं, हात धुतले आणि कंपनीच्या बसची वेळ व्हायची होती तरी खाली जाऊन उभा राहिला. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. तोच शब्द अक्कानं काचेपलीकडं नेला तर दिरांनी म्हणे मांडीवर थाप मारली. म्हणाले, "मी हितं सुतारकाम करतो. म्हंजी मी दोन्ही झालो." अक्का ते सांगताना लाजत होती, जणू तिलाच काहीतरी म्हटलंय. माझ्या अंगाचा तीळपापड झाला. शब्द माझा, मेहनत माझी, आणि मांडीवरची थाप हिला!

पुढच्या शनिवारी मी डोकं दुखतंय म्हणून खाली गेले नाही. अक्काच वर आली, सुंठ उगाळून कपाळाला लावून गेली. त्यामुळं राग काढायचीसुद्धा सोय राहिली नाही.

मग रजेचं निघालं. पक्क्या कैद्याला ठरावीक काळ नीट वागला की काही दिवस घरी सोडतात, त्याला संचित रजा म्हणतात. कंपनीतल्यासारखीच, साठलेली रजा. पण त्यासाठी घरचा कुणीतरी जामीनदार लागतो. तो माणूस वेळेवर परत जाईल याची हमी त्यानं पोलीस चौकीत जाऊन द्यायची. दिरांनी अर्ज केला होता आणि जामीनदार म्हणून धाकट्या भावाचं नाव दिलं होतं. दुसरं कोण होतं? सासूबाईंना गुडघ्यांमुळं चौकीपर्यंत जाववत नाही, आणि अक्काच्या नावावर काहीच नाही. चौकीतून निरोप आला, येऊन सही करून जा. अक्कानं त्या दिवशी घरातली सगळी भांडी घासायला काढली, घासलेलीसुद्धा.

माझा नवरा म्हणाला, "मी सही करणार नाही."

खाली सासूबाईंना त्यानं कंपनीचं कारण सांगितलं. पोलिसात नाव गेलं तर पर्मनंटवाल्यालासुद्धा त्रास होतो, वगैरे. त्या उठून देवापुढं जाऊन बसल्या. अक्का हातातलं पातेलं खाली ठेवायला विसरली. तो वर आला आणि मी त्याच्या मागोमाग. दार लावून घेतलं.

"हे खरं कारण नाही," मी म्हणाले.

"मग तू सांग खरं काय ते. तुला सगळ्याचं मूळ सापडतं."

"भाऊ आहे तुमचा. लहानपणी तुम्हाला खांद्यावर घेऊन फिरवलंय त्यांनी. अक्काच्या कामात खोडा घालू नका."

"खोडा!" तो म्हणाला. "हा पण त्याच्यासाठीच शोधलेला ना? शनिवारी खाली तुझं हसणं मला वर ऐकू येतं. नाईट करून झोपलेलो असतो मी. वर आलीस की तोंड मिटून भाकरी थापतेस. त्याच्यासाठी पुस्तकं उपसतेस. तो आत बसलाय तर एवढं. तो घरी आल्यावर मी कुठं बसायचं?"

हा माणूस जळत होता. इतकी वर्षं मी याच्या नावानं चरफडत होते आणि वरच्या खोलीत हा माझ्या नावानं चरफडत पडलेला होता. "तुम्हालाही सांगितला होता की एक शब्द," मी म्हणाले. "गुन्हेगार आणि कामगारचा."

"सांगितलास. मला नि त्याला एका ओळीत बसवलंस. मी एवढी वर्षं एक लाल शेरा नाही लागू दिला कार्डावर. आणि तू म्हणतेस, तोच गार."

ते मला सुचलंच नव्हतं. मी शब्दाची शेपटी बघत होते, जेवणाऱ्या माणसाकडं बघितलंच नव्हतं. आता मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण ते नंतर. त्या क्षणी खरं सांगायचं तर मला आनंद झाला. खाली अक्काचा जीव टांगणीला लागलेला, सासूबाई देवापुढं बसलेल्या, आणि मी वर मनातल्या मनात नाचत होते, की माझ्यावरून कुणालातरी पोटात दुखतंय. मग मी म्हणाले, "पुढचा शब्द तुमचा. त्यांना नाही सांगणार, अक्कालाही नाही. पण सही करायची."

"मला काय करायचेत शब्द," तो म्हणाला आणि बसला पेपर उघडून. पेपर कालचा होता.

चार दिवसांनी फर्स्ट शिफ्ट करून आला तो गणवेशातच, आणि म्हणाला, "चल, तू पण चल. मला तिथं बोलता येत नाही." चौकीत हवालदार जेवून नुकताच आलेला, चांगला माणूस होता. त्यानं सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. "सिद्धदोष बंदी याचे सख्खे भाऊ. बरोबर ना भाऊ? परत गेला नाही तर तुमच्या दारात येणार आम्ही, समजलं ना? मयताच्या घरच्यांना पण विचारलंय, त्यांनी हरकत घेतली नाही." नवऱ्यानं मान डोलावली आणि सही केली. नाव ओळीबाहेर गेलं. मशिनवर ज्याचा केसभर फरक पडत नाही त्याचं.

परतताना नाशिक फाट्याला नेहमीप्रमाणं सगळं तुंबलं होतं. मी गाडीवर मागं बसले होते. पुढचा टेम्पो हलेना तेव्हा तो मान न वळवता म्हणाला, "ते सिद्धदोष म्हणजे काय गं?"

वीस वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत असेन, आणि तो आला हॉर्नच्या गोंगाटात. मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं. हा आपला संस्कृत शब्द. भूमितीत शेवटी सिद्ध झालं म्हणतो ना, तेच सिद्ध. ज्याचा दोष सिद्ध झाला तो सिद्धदोष. कैदी म्हटलं की माणूस बांधलेला, गुन्हेगार म्हटलं की गुन्हे करणं हाच त्याचा धंदा. हा शब्द एवढंच म्हणतो, की एक दोष होता आणि तो चारचौघांत शाबीत झाला. माणूस कसा आहे याबद्दल काही बोलत नाही.

टेम्पो हलला. मग तो म्हणाला, "मग माझा दोष सिद्ध व्हायचाय अजून."

"कोणता?"

"हाच. चार दिवस वहिनीला रडवलं तो."

मी मागून त्याच्या पाठीवर डोकं टेकलं. बाजूच्या रिक्षातली बाई बघत होती, तिला बघू दिलं.

रजा मंजूर झाली. त्याआधीच्या मुलाखतीला अक्का नेहमीप्रमाणं शब्द मागायला आली तेव्हा मी म्हणाले, या खेपेला काही सापडला नाही. तिनं माझ्याकडं जरा निरखून पाहिलं आणि रिकाम्या हातानं गेली.

दीर आले ते दुपारी, रिक्षानं. वाळले होते, केस पांढरे झाले होते, शर्ट तोच जुना, खांद्यावर ढगळ झालेला. अक्का उंबऱ्यात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, गजरा माळून. तिनं तुकडा ओवाळून लांब टाकला, पायांवर पाणी घातलं. आता ते तिला जेवलीस का विचारणार, मला माहीत होतं. तिला तर माहीत होतंच, ती ओठ आवळून उत्तर धरून उभी होती.

दिरांनी मान वर केली आणि आयुष्यात पहिल्यांदा, भिंतीला नाही, मला म्हणाले, "मास्तरीणबाई, गेल्या खेपेला शब्द आला न्हाई."

मी म्हणाले, "ह्यांच्याकडे दिलाय. ह्यांना विचारा."

माझा नवरा जिन्यात उभा होता. पुढं आला. दोघा भावांनी एवढ्या वर्षांत एकमेकांना पाहिलं नव्हतं. हा एकदाही मुलाखतीला गेला नव्हता. त्यानं घसा साफ केला, पाठ केलेलं पोरगं म्हणतं तसं म्हणाला, "सिद्धदोष. दोष सिद्ध झाला, एवढंच. माणसाचं त्यात काही येत नाही, दादा."

"एवडंच?"

"एवढंच."

दीर उंबरा ओलांडून सरळ त्याच्याकडं गेले. त्याच्या खांद्यावर हात टाकला, आणि तसेच दोघं जिना चढून गच्चीवर निघून गेले. सासूबाई आतून हाका मारत होत्या, तरी थांबले नाहीत. थोड्या वेळानं वरून दोघांचं बोलणं ऐकू यायला लागलं, मधे हसणंही.

अक्का तशीच उभी होती. तांब्या हातात, पाणी संपलेलं. ती माझ्याकडं वळली आणि तिच्या तोंडावर जे होतं ते मी आरशात कितीदा पाहिलं होतं.

"तो शब्द मला का न्हाई दिलास?" ती म्हणाली. अहोजाहो सुटलं होतं.

मी तिच्या हातातला तांब्या घेतला. म्हणाले, "अक्का, तुमच्याकडे बाकी सगळं होतं."

हिला वेड तर नाही लागलं, अशा नजरेनं ती माझ्याकडं बघत राहिली.